एकसारख्या दिसणाऱ्या रोमन नाण्यांना विक्रेता वेगवेगळी नावं का देतो? खरं नाव कोणतं?

तुम्ही लिहिलंय की दोन शिपाई समोरासमोर उभे असलेली दोन तांब्याची नाणी तुम्ही ऑनलाइन घेतलीत. विक्रेत्याने एकाला 'फोलिस' म्हटलंय, दुसऱ्याला 'सेंटेनिओनालिस', आणि तिसऱ्या एका नाण्याच्या पाकिटावर नुसतं 'एई ३' लिहिलंय.

यातलं एकही नाव त्या नाण्यांवर कोरलेलं नाही. विक्रेत्याने तुम्हाला फसवलंय असंही नाही, त्याने जुन्या कॅटलॉगांची सवय पुढे चालवलीय. चौथ्या शतकातल्या तांब्याच्या नाण्यांची गंमत अशी की नावं कायद्याच्या पुस्तकात सापडतात, नाणी जमिनीत सापडतात, आणि कुठलं नाव कुठल्या नाण्याचं हे सांगणारा दुवा बहुतेक ठिकाणी तुटलेला आहे. उद्या कुणाला 'पावली' आणि 'चवली' हे शब्द एका वहीत मिळाले आणि नाणी दुसऱ्याच गावात, आकडे पुसलेली, तर जे होईल तेच.

आधी फोलिस. रोमन सम्राट डायोक्लेशनने साधारण इ.स. २९४ मध्ये सुमारे १० ग्रॅमचं, वर चांदीचा पातळ मुलामा दिलेलं मोठं नाणं काढलं. संग्राहक त्याला फोलिस म्हणू लागले आणि ते नाव चिकटलं. पण लॅटिनमध्ये 'फोलिस' म्हणजे कातडी पिशवी, आणि त्या काळी तो शब्द मोजून बांधलेल्या नाण्यांच्या थैलीसाठी वापरत. म्हणून आता बरेच अभ्यासक 'नुम्मुस' म्हणतात, म्हणजे नुसतं 'नाणं'. मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे शेतात सापडलेल्या वस्तूंची जी सरकारी नोंद होते, तिच्यातही चौथ्या शतकातल्या तांब्याच्या नाण्यापुढे नुम्मुसच लिहितात. मलाही तेच प्रामाणिक वाटतं.

सेंटेनिओनालिस हा शब्द अस्सल आहे, थिओडोसियन संहिता या रोमन कायद्यांच्या संग्रहात तो येतो. ३९५ चा एक कायदा तर म्हणतो की व्यवहारात फक्त सेंटेनिओनालिसच चालावं. पण ते किती मिलिमीटरचं, किती वजनाचं, हे कायद्याने सांगितलेलं नाही. 'मायोरिना'चंही तसंच. तो शब्द ३४९ च्या कायद्यात आहे, आणि आदल्याच वर्षी 'फेल टेम्प रेपारातिओ' (सुखाचे दिवस परत आले, अशा अर्थाचं) लिहिलेली नवी मोठी नाणी निघाली होती म्हणून दोन्हींचा संबंध जोडतात. अंदाज चांगला आहे, पण अंदाजच.

या घोळाला कंटाळून अभ्यासकांनी 'एई' काढलं. तांब्याला लॅटिनमध्ये 'एस' (aes) म्हणतात, त्याची ही पहिली दोन अक्षरं. २५ मिमीच्या वर एई १, २१ ते २५ एई २, १७ ते २१ एई ३, त्याखाली एई ४. हे नाव नव्हे, निव्वळ माप. आणि ही नाणी हातोड्याने ठोकलेली, कडा वेड्यावाकड्या, त्यामुळे एकाच छापाचं एक नाणं एई ३ भरतं आणि दुसरं एई ४. विक्रेत्याची फूटपट्टी किती सैल आहे यावरही बरंच अवलंबून असतं!

तेव्हा नाव बाजूला ठेवा आणि नाणं वाचा. तुमच्या दोन शिपायांच्या मध्ये ध्वज किती आहेत ते मोजा. दोन असतील तर नाणं ३३० ते ३३५ च्या आसपासचं, वजन साधारण अडीच ग्रॅम. एकच असेल तर ३३५ नंतरचं, आणि वजन दीड-पावणेदोन ग्रॅमवर आलेलं. सरकारने नाणं हलकं केलं आणि चित्रातला एक ध्वज काढून टाकला, बहुधा लोकांना जुनं-नवं ओळखता यावं म्हणून. तुमच्या फोटोत मला एकावर दोन ध्वज दिसतात आणि दुसऱ्यावर एक. शिपायांच्या पायाखालच्या रेघेखाली टांकसाळीची अक्षरं असतात, ती भिंगाखाली पाहा. 'एसएमएएन' असेल तर अँटिओक (आजच्या तुर्कीत), 'टीआर' असेल तर ट्रिअर (आजच्या जर्मनीत). वहीत मी असं लिहीन: नुम्मुस, सम्राट कॉन्स्टंटाइनचं घराणं, दोन शिपाई एक ध्वज, अमुक टांकसाळ, १६ मिमी, १.६ ग्रॅम. यापुढे फोलिस म्हणा की आणखी काही, ओळख बदलत नाही.

एक विनंती. नाणी साफ करायला, देवाची भांडी घासतो तशी चिंच लावू नका. मी माझ्या पहिल्या डायोक्लेशनच्या नाण्यावर लावली होती. सतराशे वर्षं टिकलेला चांदीचा मुलामा दहा मिनिटांत गेला.

पुढे चांदीची नाणी घेतलीत तर 'सिलिक्वा' भेटेल. तिथेही हाच प्रकार. सिलिक्वा हे मुळात कॅरोब नावाच्या झाडाच्या बीचं वजन, आपल्या सोनाराच्या गुंजेसारखं. सॉलिडस हे सोन्याचं नाणं, एका रोमन पौंडात ती ७२ बसत, आणि एका सॉलिडसचे २४ सिलिक्वा. दोन ग्रॅमच्या चांदीच्या नाण्याला ते नाव आपण आधुनिकांनी दिलं.

निर्धास्तपणे फोलिस म्हणता येईल असं नाणं यायला ४९८ उजाडावं लागलं. सम्राट अनास्तासियसने तांब्याच्या नाण्यावर भलंमोठं 'एम' कोरलं. ग्रीक आकड्यांत एम म्हणजे ४०, म्हणजे चाळीस नुम्मुस. 'के' असेल तर वीस, 'आय' असेल तर दहा. तुमच्या तिसऱ्या नाण्याच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, नुसत्या 'एई ३'वरून मला काहीच सांगता येणार नाही.