लवचिक रायझरचे गणित मांडताना

लवचिक रायझर म्हणजे समुद्रतळापासून पृष्ठभागावरील जहाजापर्यंत किंवा मंचापर्यंत तेल-वायू नेणारी, वाकू शकणारी नळी. तिचे गणित मांडताना लाटांकडे वळण्याआधी प्रभावी ताण नीट समजून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. कारण नळीच्या भिंतीतील प्रत्यक्ष ताणातून आतील दाब आणि आतील क्षेत्रफळ यांचा गुणाकार वजा करून, बाहेरील दाब आणि बाहेरील क्षेत्रफळ यांचा गुणाकार मिळवला की जो ताण येतो, त्यावरच नळीचा आकार आणि तिच्या नैसर्गिक वारंवारता मुख्यतः अवलंबून असतात. आतला द्रव वाकलेल्या भागात नळीला बाहेर ढकलतो आणि हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

लाटांच्या बलासाठी १९५० चे मॉरिसन समीकरण (पाण्याचा वेग आणि त्वरण यांवरून नळीवरील बल काढणारे सूत्र) वापराल, तेव्हा त्यातील ओढबलात, म्हणजे वेगामुळे येणाऱ्या बलात, नळीच्या संदर्भातील पाण्याचा सापेक्ष वेग घ्या. नाहीतर अवमंदन, म्हणजे नळीची हालचाल शमवणारा पाण्याचा परिणाम, हिशेबातून निसटते.

प्रवाहात नळीमागे आलटूनपालटून सुटणाऱ्या भोवऱ्यांना मात्र पुरेसा वेळ द्या. ०.२५ मीटर व्यासाच्या नळीवर सेकंदाला १ मीटर वेगाचा प्रवाह असेल, तर स्ट्राउहल अंक (भोवरे सुटण्याची वारंवारता गुणिले व्यास, भागिले वेग) ०.२ धरून प्रवाहाला आडव्या बलाची वारंवारता ०.८ हर्ट्झ येते, आणि नळीची एखादी नैसर्गिक वारंवारता तिच्या जवळ असली की भोवरे नळीच्याच तालावर सुटू लागतात.

नळी समुद्रतळाला टेकते ती जागा प्रत्येक लाटेसरशी पुढेमागे सरकते, म्हणून तिथे घटक, म्हणजे गणितासाठी नळीचे पाडलेले तुकडे, लहान ठेवा. मी आरंभी ते लांब ठेवले होते आणि वक्रतेचे शिखर मला दिसलेच नव्हते.