ख्रिस्ती लोक ज्याला ‘सुवार्ता’ म्हणतात ती नेमकी काय आहे? केवळ विश्वासाने तारण होत असेल, तर चांगल्या कर्मांना काय अर्थ उरतो?

आपण लिहिले आहे की, पुण्यात एका चर्चच्या भिंतीवर ‘प्रभू येशू ख्रिस्तावर विश्वास ठेव, म्हणजे तुझे तारण होईल’ हे वाक्य आपल्या वाचनात आले, आणि तेव्हापासून नुसत्या विश्वासाने सगळे भागत असेल तर माणसाने चांगले वागायचे कशासाठी, हा प्रश्न आपल्याला पडला आहे. प्रश्न रास्त आहे. मी जन्माने ख्रिस्ती, गुरुवार पेठेतल्या पंचहौदाच्या देवळाजवळ लहानाचा मोठा झालो, आणि पोटापाण्यासाठी ३१ वर्षे एका पतसंस्थेत कर्जखाते सांभाळले. त्या नोकरीचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे, कारण या विषयातले निम्मे शब्द मला देवळात जितके भेटले, तितकेच कचेरीतही भेटले.

आधी ‘सुवार्ता’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चांगली बातमी असाच आहे, आणि आपल्याकडे शुभवर्तमान हा शब्दही त्याच अर्थाने रूढ आहे. बातमी म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीची खबर. पौल या आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकाने इसवी सन ५५च्या सुमारास करिंथ येथील मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, जे पत्र पाठवले, त्याच्या पंधराव्या अध्यायात तो आपल्याला मिळालेली आणि आपण पुढे सोपवलेली सुवार्ता कोणती ते थोडक्यात सांगतो: ख्रिस्त आपल्या पापांबद्दल मरण पावला, त्याला पुरण्यात आले, आणि तिसऱ्या दिवशी तो उठवला गेला. या वाक्यात ऐकणाऱ्याने काय करावे हे कोठेही आलेले नाही. नियम पाळता येतो, व्रत करता येते, उपदेश आचरणात आणता येतो. बातमीच्या बाबतीत मात्र ती खरी मानून तिच्यावर विसंबायचे, किंवा खोटी म्हणून सोडून द्यायची, एवढेच आपल्या हाती असते. विश्वासाला ख्रिस्ती धर्मात एवढे मोठे स्थान का, याचे उत्तर मला वाटते या एका शब्दात आहे.

आता ‘तारण’. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. पतसंस्थेत तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू. सोनेतारण कर्जासाठी बायका काउंटरवर येत, गळ्यातले मंगळसूत्र उतरवून पुढे सरकवत, सराफ वाट्या आणि मणी वेगळे करून वजन घेई, आणि मग पाकिटाला लाख लावून ते तिजोरीत जाई. जितके तारण, तितक्याच हिशेबात कर्ज. आपल्यापैकी बहुतेक जण, आणि यात मी जन्मजात ख्रिस्ती माणसांनाही धरतो, देवाशी असाच व्यवहार करू पाहतात: माझे उपास, माझे दान, माझी रविवारची हजेरी हे माझे तारण, ते मी ठेवतो, त्याच्या प्रमाणात तू मला दे. शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, तारण हा दुसरा शब्द समजावा. बुडणाऱ्याला पाण्याबाहेर काढणे, तारून नेणे, हा त्याचा अर्थ आहे, आणि बुडणाऱ्याजवळ ठेवायला काहीच नसते.

तरीही व्यवहारातले शब्द शास्त्राने टाकून दिलेले नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. आपला जीव पुष्कळांच्या मुक्तीसाठी खंडणी म्हणून देण्यास आपण आलो, असे येशू मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे मार्काने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, सांगतो. इब्री लोकांस पत्रात त्याला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे. पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा विसार आहे, असे पौल इफिसकरांना लिहितो. कलस्सैकरांना लिहिताना तर तो असा शब्द वापरतो, ज्याचा अर्थ कर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला रोखा असा होतो; देवाने तो रोखा खोडून वधस्तंभाला खिळून टाकला, असे त्याचे म्हणणे आहे. खंडणी, जामीन, विसार, रोखा हे शब्द मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत.

जामिनाचा एक प्रसंग सांगतो, कारण विश्वास म्हणजे काय हे मला त्या प्रसंगाने कोणत्याही प्रवचनापेक्षा अधिक स्पष्ट दाखवले. आमच्याकडे एका तरुणाने दुकानासाठी कर्ज घेतले होते आणि खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले त्याचे शेजारी त्याला जामीन राहिले होते. दुकान बुडाले, मुलगा तोंड लपवून गावाकडे निघून गेला, आणि हप्ते त्या काकांकडे आले. ते दर महिन्याच्या १० तारखेला येत, पिशवीतून नोटा काढत, थुंकी न लावता एकेक नोट सावकाश मोजत, पावती घेत आणि जात. असे १४ महिने चालले. शेवटचा हप्ता भरल्यावर मी त्या मुलाच्या नावाने बेबाकी दाखला तयार केला, कारण कर्ज त्याचे होते, आणि त्याला निरोप पाठवला. तो आला नाही. पुन्हा निरोप पाठवला, तरी आला नाही. पाच महिने तो दाखला माझ्या खणात, सही-शिक्क्यानिशी पडून होता. त्याच्या नावावर एक पैसाही बाकी नव्हता, आणि तो मात्र गावी ओळखीचा माणूस दिसला की रस्ता बदलत होता.

अखेर एके दिवशी तो आला, उभ्यानेच दाखला वाचला, पुन्हा वाचला आणि विचारले, “यावर मला काही भरायचं आहे का?” मी नाही म्हटले. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि तसाच त्या काकांच्या घरी गेला.

या प्रसंगात कर्ज फिटले ते पैशाने, आणि तो पैसा दुसऱ्याचा होता. मुलाच्या येण्याने कर्ज फिटले नाही. पण तो आला नसता तर फिटलेले कर्जही त्याच्या छातीवर तसेच राहिले असते. ख्रिस्ती शिकवणीत विश्वासाचे स्थान नेमके हे आहे. आपला विश्वास फार दृढ आहे म्हणून देव आपल्याला तारतो, असे कोणी सांगत असेल तर त्याने विश्वासालाच तारण म्हणून तिजोरीत ठेवले, असे मी म्हणेन. पौल इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात शब्द मोजून वापरतो: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, आणि तेही देवाचे दान. कृपा हे कारण आहे आणि विश्वास हा ते घेणारा हात आहे.

ही उपमा एका ठिकाणी तोकडी पडते, हेही सांगितले पाहिजे. ते काका कायद्याने बांधलेले होते म्हणून त्यांनी पैसे भरले. येशू योहानाच्या शुभवर्तमानात म्हणतो की, माझा जीव माझ्यापासून कोणी घेत नाही, मी तो आपण होऊन देतो. आणि देव हा वसुलीला बसलेला सावकारही नव्हे. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या मुलाला दुरून पाहून धावत जाणारा बाप येशूने रंगवला आहे, आणि त्या मुलाने वाटेत पाठ केलेले ‘मला मजुरासारखे ठेवा’ हे वाक्य बाप त्याला पुरते बोलूही देत नाही. हिशेब मिटणे ही तारणाची सुरुवात आहे. घरी परत येणे हे त्याचे खरे स्वरूप आहे.

मग चांगल्या कर्मांचे काय? बायबलमधलेच याकोबाचे पत्र स्पष्ट सांगते की क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे, आणि देव एकच आहे हे भुतेही मानतात व थरथर कापतात. म्हणजे नुसते मान्य असणे हा विश्वास नव्हे. भरवसा टाकणे हा विश्वास. पौल आणि याकोब एकमेकांच्या विरुद्ध बोलतात असे काहींना वाटते, मला वाटत नाही. झाड जगते ते मुळाने, ओळखू येते ते फळाने. पौल मुळाविषयी बोलत आहे आणि याकोब फळाविषयी. इफिसकरांमधली ती प्रसिद्ध दोन वचने लोक पाठ म्हणतात आणि पुढचे दहावे वचन गाळतात, ज्यात देवाने आपल्याला सत्कृत्ये करण्यासाठीच निर्माण केले असे म्हटले आहे. याच विषयावरून १६व्या शतकात जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या काळी पश्चिमेकडची मंडळी फुटली. आणि १९९९ साली कॅथलिक व लूथरन मंडळ्यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या करून आपले तारण आपल्या गुणांमुळे नसून केवळ कृपेने आहे, हे एकत्र मान्य केले.

पुण्याच्या माणसाला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. संस्कृताची एवढी व्युत्पत्ती, निर्णयाची एवढी हिंमत. तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी पुढे स्वतः लिहिले आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, आपण जसे आहोत तसेच त्याच्याकडे जायचे आहे, हे त्यांना उमगले. केडगावचे मुक्ती सदन, दुष्काळात रस्त्यावर आलेल्या शेकडो मुली-बायकांना आणून त्यांनी वसवलेले ते घर, हे त्यानंतरचे. तारण मिळवण्यासाठी त्यांनी ते काम केले असते, तर मला वाटते त्या फार लवकर थकल्या असत्या.

आपण वाचलेले वाक्य ज्या प्रसंगातले आहे, तो फिलिप्पै येथील तुरुंगातला आहे. पौल आणि त्याचा सोबती सीला यांना छड्यांनी मारून, आतल्या कोठडीत पाय खोड्यात अडकवून ठेवले होते. मध्यरात्री भूकंप झाला, दारे उघडली, कैदी पळाले असे समजून तुरुंगाधिकारी तलवार उपसून स्वतःचा जीव घेणार, तोच पौलाने त्याला हाक मारून थांबवले. तेव्हा थरथरत त्याने विचारले की, माझे तारण व्हावे म्हणून मी काय करावे? ‘काय करावे’ या प्रश्नाला उत्तर मिळाले ते ‘विश्वास ठेव’ असे. भिंतीवर आपण पाहिले ते हेच. भिंतीवर पुढचा भाग मावला नाही. त्याच रात्री, त्याच घटकेला, ज्या माणसांना त्याने खोड्यात घातले होते त्यांना बाहेर नेऊन त्याने त्यांच्या जखमा धुतल्या, घरातल्या सर्वांसह बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांना आपल्या घरी नेऊन जेवू घातले. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा हा सोळावा अध्याय आहे. आपण तो अख्खा वाचावा, अशी माझी विनंती आहे.