पतसंस्थेत अडकलेली ठेव: रिझर्व्ह बँकेच्या उत्तरावर थांबू नका

ताई, आईंच्या ठेवीची मुदत संपली, पतसंस्था 'पुढच्या महिन्यात या' म्हणतेय आणि रिझर्व्ह बँकेने 'आमच्या अखत्यारीत नाही' असं कळवलंय, हे वाचून राहवलं नाही. माझ्या वडिलांची ठेव अशीच अडकली होती.

रिझर्व्ह बँकेचं उत्तर कायद्याला धरूनच आहे. बँकिंग नियमन कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने नागरी सहकारी बँकांवर तिचे अधिकार वाढले, पण पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली, म्हणजे राज्याच्या सहकार खात्याच्या निबंधकांकडे. (पावतीवर 'मल्टिस्टेट', म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी संस्था, असं असेल तर दाद दिल्लीत, केंद्रीय निबंधकांकडे.) बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. बँकेपेक्षा एक-दीड टक्का जास्त व्याज देऊन ठेवी ओढतात, तेव्हा हे काउंटरवर कुणी सांगत नाही. सगळ्याच पतसंस्था वाईट नसतात. भाजीवाल्याला बँक दारात उभी करत नाही, तिथे त्याच कर्ज देतात. पण विम्याशिवाय ठेवी घेऊ द्यायच्या असतील तर तसं पावतीवर ठळक छापायची सक्ती हवी, असं माझं ठाम मत आहे.

आमचं खरं नुकसान केलं निबंधकांच्याच कार्यालयाने. तिथल्या माणसाने अर्ज उभ्याउभ्याच वाचला आणि 'ठेवी घेतात म्हणजे बँकच की, रिझर्व्ह बँकेला लिहा' म्हणून परत दिला. रिझर्व्ह बँकेचं पत्र आणून दाखवलं, तर 'साहेब दौऱ्यावर आहेत'. ना पोच, ना शिक्का. ही टोलवाटोलवी चालू असताना पदाधिकाऱ्यांच्या जमिनी नातेवाइकांच्या नावावर गेल्या. पुढे वसुलीचा आदेश निघाला, पण वसूल करायला फारसं काही उरलंच नव्हतं. ज्या खात्याने नोंदणी दिली, ज्याच्याकडे दरवर्षी लेखापरीक्षण अहवाल जातो, त्यानेच हात झटकावेत? आजही संताप होतो.

म्हणून सांगते, आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. देत नसतील तर तोच अर्ज टपालाने पाठवा आणि पोच जपा. आणि निबंधकांच्या चौकशीची वाट बघत बसू नका. सोबतीला आणखी ठेवीदार जमवून आर्थिक गुन्हे शाखेत जा. १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्यात, म्हणजे एमपीआयडीत, पदाधिकाऱ्यांची मालमत्ता जप्त करता येते. तुमच्या प्रकरणात तो लागू होईल का, ते वकिलाला कागद दाखवून ठरवा. मी वकील नाही.

मूळ पावती कुणाच्या हातात देऊ नका. 'नूतनीकरण करा, व्याज लगेच देतो' म्हणतील, तेव्हा तर मुळीच नाही. नवी पावती झाली की जुनी थकबाकी कागदावरून गायब होते.

आईंचे बाकीचे पैसे बँकेत असतील तर तेही एकदा बघून घ्या. एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवले तरी विम्याला दोन्ही रकमा एकत्रच धरतात, व्याजासकट.