'देवी काढणे' म्हणजे देवी घालवणे नव्हे

जिंतूरकडच्या एका ताईंनी विचारलंय: त्यांची आजी म्हणते, "मला लहानपणी देवी काढल्या होत्या," म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचली होती. काढणे म्हणजे बाहेर काढून टाकणे, मग टोचण्याला 'काढणे' कसं म्हणायचे? त्यावर त्यांच्या मामांचं म्हणणं असं की टोचल्याने देवी अंगावर निघतात हे जुन्या लोकांना ठाऊक होतं, शब्दच त्याचा पुरावा आहे. देवी गेल्या त्या स्वच्छतेमुळे, लसीमुळे नव्हे, असंही ते म्हणतात.

आधी शब्द पाहू. 'काढणे' ही 'निघणे'ची जोडीदार क्रिया आहे. मिरवणूक निघते, आपण ती काढतो. अंड्यातून पिल्लं निघतात, तेव्हा कोंबडीने पिल्लं काढली असं म्हणतो. काटा काढणे, दात काढणे हा या क्रियेचा एकच पदर झाला. आत आहे ते उगवून वर आणणे हा दुसरा. देवी अंगावर 'निघतात', तेही नेहमी अनेकवचनात, कारण डोळ्यांपुढे फोडच असतात. म्हणून ठरवून, एका जागी, दंडावर फोड आणणं म्हणजे देवी काढणं. आपल्याकडे 'लेकराला देवी काढल्या' आणि 'लेकराला देवी आल्या' या दोन वाक्यांत कुणाचाही गोंधळ होत नसे. पहिल्यात वण दंडावर, दुसऱ्यात तोंडावर. निजामी राजवटीत सरकारी भाषा उर्दू होती, तिच्यात याच रोगाला 'चेचक' म्हणत. पण घरात शब्द राहिला तो देवीच.

'लस' या शब्दाचंही तसंच आहे. जखमेतून जो चिकट पातळ द्रव येतो, त्याला आपण आजही लस म्हणतो. बाटलीतली लस यायच्या आधी एका मुलाच्या दंडावरच्या फोडातली लस घेऊन दुसऱ्याच्या दंडावर टोचत. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवी काढल्या, ती लस बगदाद आणि बसऱ्याहून अशीच दंडोदंडी पुढे सरकत आली होती. आज कुठल्याही रोगाच्या लसीला आपण तोच शब्द लावतो. मला हा शब्दाचा प्रवास फार मोलाचा वाटतो.

आता मामांचा मुद्दा. त्यात एक दाणा खरा आहे. देवीची लस रूढ करणारा इंग्रज डॉक्टर एडवर्ड जेन्नर, त्याच्या आधी खऱ्या देवीच्या फोडातलंच द्रव्य टोचत असत. त्याने देवी खरोखर निघत, बहुधा सौम्य, पण संसर्ग पसरवू शकतील अशा. तरीही १७२० च्या दशकात इंग्लंडात जेम्स ज्युरिन या डॉक्टरने आकडे जमवले, तेव्हा नैसर्गिक देवी आलेल्यांत सात-आठांमागे एक मृत्यू, तर टोचलेल्यांत पन्नासांमागे एक, असा फरक दिसला. जेन्नरने १७९६ मध्ये वापरली ती गायीची देवी, म्हणजे गायींना होणारा तसाच रोग. तिने दंडावर फोड येई, माणसाची देवी येत नसे. 'काढणे' हा एकच शब्द दोन्ही पद्धतींना चालला, आणि मामांची चूक नेमकी इथे होते.

लसीच्या बाजूचा प्रत्येक जुना आकडा पक्का होता असंही मी म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकातल्या रुग्णालयांत रोगी लस घेतलेला की न घेतलेला हे दंडावरच्या वणावरून ठरवत. अंगभर दाट फोड आलेल्या, म्हणजे मरणाच्या दारातल्या रोग्याचा वण दिसतच नसे, आणि त्याची नोंद 'लस नाही' अशी होऊ शके. आल्फ्रेड रसेल वॉलेससारख्या मोठ्या निसर्गशास्त्रज्ञानेही आकड्यांवर बोट ठेवून लसीला विरोध केला होता. त्या शंका फेकून देण्यासारख्या नव्हत्या.

पण पुरावा तेवढाच नाही. युरोपात तान्ह्या मुलांना लस द्यायला लागल्यावर देवीचं वय सरकलं: पूर्वी मुलं मरत, नंतर मोठी माणसं सापडू लागली. लसीचं बळ काही वर्षांनी ओसरतं, हे त्यातून कळलं. जर्मनीने १८७४ च्या कायद्याने फेरलस सक्तीची केली ती त्यामुळेच. स्वच्छता एवढी वय बघून काम करत नाही. शिवाय देवी मुख्यतः श्वासातून पसरते, गटारातून नाही.

सगळ्यात जवळचा पुरावा आपल्याच देशातला. १९७४ मध्ये भारतात देवीचे सुमारे १ लाख ८८ हजार रुग्ण झाले, बहुतेक बिहारमध्ये. २४ मे १९७५ ला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. या वर्षभरात बिहारच्या खेड्यांत नळ आणि गटारं आली नव्हती. पटकी आणि गोवर तिथेच होते. बदललं ते हे, की घरोघर शोध घेऊन रोगी वेगळा ठेवत आणि त्याच्या भोवतीच्या सगळ्यांना देवी काढत. 'देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा' हे भिंतीवरचं वाक्य वाचलेले लोक मराठवाड्यात आजही भेटतील. रोगी वेगळा ठेवण्याचा त्यात वाटा होता, आणि मामा तेवढं म्हणत असतील तर मी त्यांच्याशी भांडणार नाही.

ताई, आजीला एक विचारा: टोचल्यावर फोड आला नाही तर त्यांच्या घरात काय म्हणत? 'उठल्या नाहीत' की आणखी काही? तो शब्द मला हवा आहे.