'पहिला दिवस' असं मुळात लिहिलेलंच नाही

तुमची पोस्ट काल रात्री वाचली. मराठी बायबल समोर ठेवून तुम्ही 'उत्पत्ती'तल्या सृष्टिनिर्मितीच्या सहा दिवसांचा तक्ता केलाय, एका रकान्यात दिवस आणि शेजारी विज्ञानातले कालखंड. तिसऱ्या दिवशी झाडं आणि चौथ्या दिवशी सूर्य, इथे तक्ता अडला. दुसऱ्या अध्यायात माणूस झाडांच्या आधी येतो, तिथे तो मोडला. आणि पंधरा दिवसांनी वाचनमंडळात याच विषयावर बोलायचंय. वाचताना मला माझीच वही दिसायला लागली. हाच तक्ता मीही केला होता, अगदी याच रकान्यांचा, आणि त्यापायी माझी काही वर्षं वाया गेली. म्हणून जरा लांबण लावून लिहितेय.

आधीच सांगते, मी रब्बी (ज्यू धर्मगुरू) नाही आणि हिब्रूची पंडितही नाही. पेणकडच्या बेने इस्राएल (कोकणातल्या ज्यू) घरात वाढले, लग्नानंतर ठाण्यात आले, हिब्रू अक्षरओळख वडिलांकडून झाली, बाकीचं उशिरा शिकले. माझं म्हणणं एका वाचणाऱ्या बाईचं म्हणणं म्हणून घ्या. पुढे तीन शब्द येतील: तोरा म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, मिद्राश म्हणजे त्यांचा रब्बींनी लावलेला अर्थ, आणि तालमूद म्हणजे रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ.

माझी चूक अशी. चौथ्या दिवसाची अडचण मी 'सोडवली' होती. सूर्य आधीपासून होताच, पण दाट ढगांमुळे दिसत नव्हता आणि चौथ्या दिवशी आभाळ मोकळं झालं, असं मी लिहिलं. मुळात ढगांचा एक शब्द नाही. ते ढग मी आणले, कारण मला तक्ता पुरा करायचा होता. मुलांना शनिवार-रविवारी धर्मशिक्षण द्यायचं तर एका संस्थेच्या पत्रद्वारे अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र लागायचं. परीक्षेत प्रश्न आला: सृष्टीच्या सहा दिवसांचा क्रम लिहा. मी क्रम लिहिला आणि खाली जोडलं की राशी या जुन्या ज्यू टीकाकाराच्या मते हा मजकूर क्रम शिकवायला आलेलाच नाही. शून्य गुण. फेरतपासणीचे पैसे भरले, तीन खेपा घातल्या. प्रत्येक वेळी वेगळं टेबल, वेगळा माणूस आणि तेच उत्तर: नोट्समध्ये आहे तेवढंच लिहायचं. उत्तरपत्रिका कोणी उघडूनही पाहिली नाही. हे आठवलं की अजूनही घसा दाटतो. अकराव्या शतकातल्या टीकाकाराचं म्हणणं तुमच्या नोट्समध्ये नाही म्हणून चूक?

पण त्या कार्यालयावर सगळा दोष टाकून मी सुटत नाही. पुढच्या वर्षी मी त्यांना हवं तसं लिहिलं, प्रमाणपत्र घेतलं आणि चार वर्षं मुलांना तोच तक्ता शिकवला, ढगांसकट. एका मुलाने विचारलं, "बाई, पहिल्या दिवशी सूर्यच नव्हता, तर संध्याकाळ कशी झाली?" मी त्याला ढग सांगितले आणि गप्प बसवलं. त्याचा तो प्रश्न पहिल्या-दुसऱ्या शतकातले रब्बी विचारत होते. तालमूदच्या हगीगा या प्रकरणात त्यावर चर्चा आहे. एक मत असं की पहिल्या दिवसाचा उजेड सूर्याचा नव्हताच. त्या उजेडात माणसाला जगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसलं असतं, आणि देवाने तो पुढे सज्जनांसाठी राखून ठेवला. दुसरं मत असं की ज्योती, म्हणजे सूर्य-चंद्र, पहिल्याच दिवशी निर्माण झाल्या, पण चौथ्या दिवशी आपापल्या जागी टांगल्या गेल्या. दोन्ही मतं तिथे शेजारी-शेजारी ठेवली आहेत, एकाने दुसऱ्याला खोडलेलं नाही. मुलाला मी एवढं तरी सांगू शकले असते.

म्हणून माझं ठाम मत: जिथे मजकूर खुपतो तिथे आधी थांबा. सांधा बुजवायला घेऊ नका. ज्यू परंपरेत अर्थ लावायचं काम त्या खुपण्यापासूनच सुरू होतं.

पहिलाच शब्द घ्या. 'बेरेशीत'. आपण 'प्रारंभी' म्हणतो आणि पुढे जातो. राशी (फ्रान्समधल्या ट्रॉयचा, १०४० ते ११०५) तिथेच अडतो. तो म्हणतो, 'रेशीत' हा शब्द शास्त्रात नेहमी पुढच्या शब्दाला जोडून येतो, आणि यिर्मयाच्या पुस्तकातलं 'यहोयाकीमच्या राज्याच्या आरंभी' हे उदाहरण देतो. मराठी माणसाला हे पटकन कळावं. शब्द 'आरंभी' नसून '…च्या आरंभी' आहे, आणि 'च्या' लोंबकळत राहतो. कशाच्या आरंभी? मग राशी वाचतो: देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण करण्याच्या आरंभी, पृथ्वी तोहू-वावोहू (ओसाड, रिकामी) असताना, देव म्हणाला, उजेड होवो. म्हणजे पहिलं वाक्य 'सगळ्यांत आधी काय झालं' हे सांगतच नाही. पुरावा म्हणून तो दुसऱ्या ओळीकडे बोट दाखवतो: तिथे पाणी आधीच आहे, आणि पाणी कधी निर्माण झालं ते कुठेच सांगितलेलं नाही. क्रम शिकवायचा असता तर हे सुटलं असतं का? माझा सगळा तक्ता या एका टीपेने पडतो, आणि ती टीप नऊशे वर्षांपासून वाचली जातेय.

रामबान (स्पेनमधलं गिरोना, १३वं शतक) हे मान्य करत नाही. त्याच्या मते पहिल्या ओळीतलं 'बारा' ('निर्माण केलं') हे क्रियापद शून्यातून निर्मितीसाठीच आहे: आधी एक अतिसूक्ष्म मूलद्रव्य निर्माण झालं आणि पुढचं सगळं त्यातून घडलं. इब्न एज्रा हा आणखी एक टीकाकार म्हणतो, 'बारा'चा अर्थ शून्यातून असाच होतो असं नाही. आणि रामबाम, म्हणजे मायमोनिडीझ, १२व्या शतकात सांगून टाकतो की जग अनादि आहे हे मत मी केवळ वचनांमुळे नाकारत नाही, पुरावा मिळाला असता तर वचनांचा लाक्षणिक अर्थ लावता आला असता, अर्थ लावण्याची दारं बंद नाहीत. (रामबान आणि रामबाम ही वेगवेगळी माणसं आहेत. भाषणात गोंधळ होतो, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.)

आता 'पहिला दिवस'. मराठीत पहिला, दुसरा, तिसरा असं ओळीने येतं. हिब्रूत दुसरा, तिसरा आहे, पण सुरुवातीला 'योम एखाद' आहे, 'एक दिवस'. 'रिशोन', म्हणजे पहिला, हा शब्द नाही. राशी म्हणतो, कारण त्या दिवशी देव आपल्या जगात एकटा होता, देवदूत दुसऱ्या दिवशी झाले. तुम्हाला हे उत्तर पटो न पटो, भाषांतराने हा प्रश्न विचारायची जागाच पुसून टाकलीय. भाषांतरांचं हे जुनंच दुखणं आहे. तालमूदच्या मगिल्ला प्रकरणात गोष्ट आहे: तालमय राजाने, म्हणजे टॉलेमीने, ७२ वडीलधाऱ्यांना ७२ वेगळ्या घरांत बसवून ग्रीक भाषांतर करायला लावलं, आणि प्रत्येकाने तेच तेच बदल केले. 'आपण माणूस घडवू'चं 'मी घडवीन' केलं. देवाने 'सातव्या दिवशी' काम संपवलं असं मुळात आहे, त्याचं 'सहाव्या' केलं, म्हणजे शब्बाथला (सातव्या, विश्रांतीच्या दिवशी) काम केलं असं कोणी म्हणायला नको. ग्रीक प्रतीत आजही 'सहाव्या'च आहे.

सातव्या दिवसावरून जे मला सर्वांत लागलं ते सांगते. अध्यायांचे आकडे १३व्या शतकात ख्रिस्ती विद्वानांनी घातले. तोराच्या गुंडाळीत अध्याय नाहीत, ओळींचे आकडेही नाहीत. तिथे प्रत्येक दिवसानंतर मोकळी जागा सोडलेली असते, आणि सातव्यानंतरही. पण छापील बायबलात पहिला अध्याय सहाव्या दिवशी संपतो आणि शब्बाथ दुसऱ्या अध्यायात ढकलला जातो. मी आकड्यांवर विसंबले, म्हणून माझ्या तक्त्यात सहाच दिवस. आणि आमच्या घरी लहानपणापासून दर शुक्रवारी संध्याकाळी बाबा किसमिसाच्या सरबताचा पेला हातात धरून किद्दुश (शब्बाथच्या स्वागताची प्रार्थना) म्हणायचे: 'योम हाशिशी. वायेखुल्लू हाशामायिम…' म्हणजे सहाव्या दिवसाचे शेवटचे दोन शब्द आणि त्याला जोडूनच सातवा दिवस. अध्यायाची भिंत तिथे नाहीच. शेकडो वेळा ऐकलं, स्वतः म्हटलं, आणि वहीत मात्र सातवा दिवस मांडला नाही. बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी पेला माझ्या हातात आला, तेव्हा कळलं.

दुसऱ्या अध्यायातल्या माणसाबद्दल थोडक्यात. चौथ्या ओळीपासून देवाचं नावही बदलतं. नुसतं एलोहीम ('देव') होतं, तिथे आम्ही उच्चारत नाही ते देवाचं चार अक्षरी नाव जोडून येतं. झाँ आस्त्र्युक या फ्रेंच वैद्याने १७५३ मध्ये यावरून दोन मूळ स्रोतांचा तर्क मांडला आणि आजचे विद्यापीठातले अभ्यासक बहुतेक त्याच वाटेने जातात. उलट रब्बी सोलोवेचिक यांनी १९६५ च्या निबंधात दोन्ही वृत्तांत तसेच ठेवून दोन आदाम वाचले: एक जग जिंकणारा, दुसरा एकाकी, सोबत शोधणारा. मला सोलोवेचिक जवळचे वाटतात, पण तुमच्या मंडळात दोन्ही सांगा. स्त्री जिच्यापासून घडली त्या 'बरगडी'वर घाईने बोलू नका. मूळ शब्द 'त्सेला', तोच निवासमंडपाच्या (वाळवंटातल्या देवाच्या तंबूच्या) बाजूसाठी येतो, आणि राशी 'बाजू' असाच घेतो.

नासदीय सूक्ताशी तुलना करायचा मोह तुम्ही पोस्टमध्ये बोलून दाखवलाय. माझा सल्ला: या खेपेला नको. सूक्त थोर आहे, पण तुलना सुरू झाली की मंडळी आपलंच परिचित ऐकायला लागतात आणि हिब्रू मजकूर बाजूला पडतो. तुम्हाला तशीच वृत्ती दाखवायची असेल तर बेरेशीत राब्बा या मिद्राशातलं दाखवा: तोरा 'बेत' अक्षराने का सुरू होते? ते अक्षर तीन बाजूंनी बंद आणि पुढे उघडं आहे, तसं तूही वर काय, खाली काय, आधी काय हे विचारू नकोस. फळ्यावर ב काढून दाखवलं तरी पुरे.

दोन-तीन फुटकळ गोष्टी. राशीसह तोरा मूळ हिब्रूत इंटरनेटवर फुकट वाचता येते, विकत घ्यायची गरज नाही. अक्षरं रोज अर्धा तास दिली तर महिन्या-दीड महिन्यात लागतात. मराठीतून हिब्रू शिकणं नवं नाही, जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये आमच्या लोकांसाठी मराठीत हिब्रू व्याकरण केलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी 'चांगलं आहे' हे शब्द नाहीत, तिसऱ्या दिवशी दोनदा आहेत, हे जरूर सांगा. म्हणूनच ज्यू लोकांत मंगळवार, म्हणजे रविवारपासूनचा तिसरा दिवस, शुभ. मंगळवारची लग्नं का, हे ऐकून मराठी श्रोते सरसावून बसतात, माझा अनुभव आहे.

पंधरा दिवसांत सगळं बसवू नका. पहिल्या तीन ओळी घ्या, राशीची अडचण मांडा, रामबानचा विरोध मांडा, आणि तक्ता घरी ठेवा. कोणी संध्याकाळचा प्रश्न विचारला तर हगीगातली दोन्ही मतं सांगा. राशीचं वाक्य मराठीत आणताना 'च्या' कुठे टाकायचा यावर अडलात तर तुमचा मसुदा इथेच टाका, मी शनिवारी रात्री शब्बाथ संपल्यावर बघते.