‘तसली गाणी’ आणि एक लाल टॉवेल

“मॅडम, पोरगं तसली गाणी ऐकतंय.”

‘तसली’ म्हणजे हेवी मेटल, जड गिटारचं, ठणठणाटी रॉक संगीत. सोलापुरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे ‘तसली’ म्हणताना आई-वडिलांचा आवाज आपोआप खाली येतो. मग यादी सुरू होते. कवट्या छापलेले काळे टी-शर्ट, कानातून बाहेर ऐकू येणारा ठणाणा, रात्री दोन वाजता मोबाइलवर भुताखेताचे, रक्ताने माखलेले सिनेमे. एका वडिलांनी तर खुर्ची पुढे ओढून विचारलं होतं, “यांच्यात सैतानाची पूजा वगैरे करतात म्हणे, खरंय का ओ?” गेल्या तीन-चार वर्षांत हा प्रश्न इतक्या वेळा समोर आलाय की एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हटलं. त्यासाठी एका घराची गोष्ट सांगते. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, लिहायला घरच्यांची परवानगी घेतली आहे.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपता संपता एक बाई आल्या. बसल्या, आणि पिशवीतून एक पांढरा टर्किश टॉवेल काढून माझ्या टेबलावर ठेवला. त्यांच्याच मागावर विणलेला. पूर्व भागात त्यांचे आठ माग आहेत, दोन पाळ्या चालतात. टॉवेलच्या एका टोकाला तळहाताएवढा लाल डाग होता, वाळून कडक झालेला.

“ओंकारच्या बाथरूममध्ये सापडला. एकोणीस वर्षांचाय. विचारलं तर म्हणतो, काही नाही.” मग त्यांना बोलवेना.

डाग मीही पाहिला आणि माझ्याही पोटात गोळा आला, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी ओंकार आला तेव्हा मी आडवळणं घेतली नाहीत. “स्वतःला काही इजा करून घेतोस का? जीव द्यावा असं मनात येतं का?” पुष्कळ पालकांना वाटतं की असं विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेलं खूळ शिरेल. शिरत नाही. उलट, नीट विचारलं की मुलं मोकळी होतात. ओंकारने माझ्याकडे पाहिलं, दोन्ही बाह्या कोपराच्या वर सरकवल्या आणि म्हणाला, “मॅडम, ते रक्त आहे साखरेच्या पाकाचं.”

मग पुढची दहा मिनिटं मला कृती मिळाली. एकतारी पाक, खायचा लाल रंग, चमचाभर कोको पावडर. कोको नसेल तर रक्त गुलाबी सरबतासारखं दिसतं म्हणे. चार मित्र मिळून मोबाइलवर भुताचा सिनेमा काढत होते. हात पुसायला जवळ टॉवेल होता, तो वापरला. घरी का सांगितलं नाहीस म्हटलं, तर म्हणाला, “डाग पडल्यामुळं पप्पा मारले असते.”

ज्या आईला मुलाचा जीव धोक्यात वाटत होता, तिच्या मुलाला चिंता टॉवेलची होती. मी हसले नाही, पण कष्टाने.

माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची आहे, नेहमी वाचणाऱ्यांना ते ठाऊक आहे. माणूस घटनेने जेवढा हादरतो त्याहून जास्त त्या घटनेला स्वतःच लावलेल्या अर्थाने हादरतो, हे त्यांचं म्हणणं मी रोज खोलीत पाहते. काळा शर्ट, म्हणजे उदास. आरडाओरडा, म्हणजे राग. रक्त, म्हणजे संपलं. या माळेतला एकही मणी ओंकारने ओवलेला नव्हता. आईने मात्र तीच माळ सहा महिने जपली होती.

आता थोडी कबुली. मीही एक मणी ओवला होताच. दुसऱ्या भेटीत मी विचारलं, “या गाण्यांतले शब्द काय असतात? तुला ते पटतात का?” त्याने सरळ उलट विचारलं, “मॅडम, गोंधळाला संबळ कडाडतो तेव्हा तुम्ही शब्द ऐकत बसता का?” मी गप्प. लहानपणी संबळ सुरू झाला की माझ्या छातीत धडधडायचं आणि तरी मी आईचा पदर सोडून पुढे जाऊन बसायची. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यात रौद्र, भयानक आणि बीभत्स हे तिन्ही आहेत. शृंगाराच्याच पंगतीला बसवलेत. होम मैदानावर मौत का कुआँ बघायला तिकीट काढून आपणच जातो, मोटरसायकल भिंतीवर आडवी झाली की डोळे मिटतो, आणि खाली उतरल्यावर पोरांना म्हणतो, परत बघायचं का? सुरक्षित जागी उभं राहून घाबरायची हौस माणसाला जुनीच आहे.

सिनेमाबद्दल ओंकार बोलायला लागला की थांबायचा नाही. १९७८ च्या एका गाजलेल्या अमेरिकन भयपटातला खुनी जो मुखवटा घालतो, तो दोन डॉलरपेक्षाही कमी किमतीत दुकानातून आणलेला, दुसऱ्याच एका नटाच्या चेहऱ्याचा, नुसता पांढरा रंगवलेला. आपल्याकडचे हिंदी भयपटवाले रामसे सात भाऊ, घरातल्या घरातच कुणी दिग्दर्शन, कुणी कॅमेरा, कुणी ध्वनी सांभाळायचे. “पैसे नव्हते म्हणून डोकं लावलं त्यांनी,” हे तो इतक्या अभिमानाने म्हणायचा की जणू त्याचे चुलतेच. मला तिथे एक गोष्ट लख्ख दिसली. भूत कसं बनवतात हे ज्याला माहीत असतं, तो भुताच्या पलीकडे उभा असतो. चाहता आणि झपाटलेला यांच्यातला हा फरक पालकांना दारातून दिसत नाही. त्यासाठी शेजारी बसावं लागतं.

पण मुद्दा लहान मुलांचा असेल तर माझं उत्तर वेगळं आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ही पलीकडची जागा अजून सापडलेली नसते, त्याला असे सिनेमे दाखवू नयेत. ‘ए’ प्रमाणपत्र उगीच देत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात आईचा फोन. आवाजात आनंद. “मॅडम, सुटला बघा! हेडफोन कपाटात ठेवून दिला. आठ दिवस झाले, एक गाणं नाही, एक सिनेमा नाही.”

मी विचारलं, “जेवतो का?”

“थोडंसं.”

“मित्र येतात?”

“नाही. झोपूनच असतो. पण शांत आहे हो.”

सगळ्या प्रकरणात मला खरी भीती वाटली ती या फोनने. जे आवडत होतं ते मूल एकाएकी सोडतं, जेवण आणि झोप बिघडते, मित्र तुटतात, तेव्हा पालकांनी पेढे वाटू नयेत, लगेच दाखवायला आणावं. बँडचं नाव काय आणि शर्टावर काय छापलंय यावरून काही कळत नाही. ऐकून झाल्यावर मूल कसं असतं ते पाहा. हलकं होऊन जेवायला येतं, की आणखी मिटतं? २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी असं संगीत ऐकणाऱ्या ३९ चाहत्यांना आधी मुद्दाम राग आणला, मग काहींना दहा मिनिटं त्यांच्या आवडीची गाणी ऐकू दिली, काहींना नुसतं बसवलं. गाणी ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही, गप्प बसलेल्यांसारखाच उतरला. माणसं थोडीच होती आणि सगळी चाहतीच होती, त्यामुळे याचा झेंडा करू नये. पण ‘ऐकलं की भडकतात’ ही समजूत तेवढ्याने तरी ढिली व्हावी.

ओंकारला मी त्याच संध्याकाळी बोलावलं. झालं होतं असं की मित्र घरी आले असताना वडील म्हणाले होते, “ह्या मुडद्यांच्या नादानं हा कामातनं गेला.” बस्स. तो मला म्हणाला, “घरात कुणी एकदा तरी विचारलं का मॅडम, काय ऐकलालास बे म्हणून?”

मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी घरातलं कुणीतरी एक माणूस घेऊन ये. एक गाणं त्याला इथे, माझ्यासमोर ऐकव. वडील येतील असं मला वाटलं होतं. त्यांना पाळी सोडता येईना. आईबरोबर आले ते आबा, ओंकारचे आजोबा. धोतर, पांढरी टोपी, आयुष्य मिलमध्ये गेलेलं.

ओंकारने हेडफोन त्यांच्या टोपीवरूनच अडकवला. आबा डोळे मिटून बसले. मिनिटभराने म्हणाले, “जड हाय. सावकाश चालतंय, पण जड हाय. वाजवतंय कोण?”

आणि ओंकारने जे सांगितलं ते मी शब्दशः वहीत उतरवून ठेवलं आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम नावाचं कारखान्यांचं गाव. तिथला टोनी आयोमी, सतरा वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. गिटार वाजवायला जायचं म्हणून नोकरी सोडणार होता, तो शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तो परत जायला तयार नव्हता. आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. गेला, नेहमीचं नसलेलं मशीन चालवायला दिलं, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. पुन्हा वाजवता येणार नाही असं सांगितलं गेलं. मग त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर कातडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. पुढे त्या ढिल्याही केल्या आणि आवाज आणखी खाली, आणखी जड झाला. १९७० साली त्याच्या बँडची, ब्लॅक सबाथची, पहिली रेकॉर्ड आली. हेवी मेटलची सुरुवात तिथून धरतात. “आणि बँडचं नाव एका भुताच्या सिनेमावरून घेतलंय,” हे ओंकारने आईकडे बघून जोडलं.

आईचं लक्ष तिकडे नव्हतंच. ‘दिवस पुरा करून ये’ या वाक्यापाशी ती अडकली होती, पदर तोंडाला लावून.

आबांनी हेडफोन काढला. उजवा हात टेबलावर ठेवला. पहिलं बोट वरच्या पेरापासून नव्हतं. मी येताना पाहिलं होतं, विचारलं नव्हतं. घरातही कुणी कधी विचारलेलं नव्हतं. ‘मिलमध्ये गेलं’ एवढंच सगळ्यांना ठाऊक.

“बाटली कसली?” आबांनी विचारलं.

“भांडी घासायच्या साबणाची.”

“हां. मऊ असतीया ती.” बोटाकडे बघत राहिले. “कार्डिंग खात्यात होतो. चोवीस वर्षाचा. त्याच्या आधी भजनात पखवाज वाजवायचो. परत हात लावला न्हाई.”

“मामंजी, तुम्ही पखवाज वाजवायचा?” आई म्हणाली. “मला या घरात येऊन बावीस वर्षं झाली.”

“कोण विचारलं?”

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. बाहेर डफरीन चौकातले हॉर्न ऐकू येत होते. अशा वेळी समुपदेशकाला काहीतरी शहाणं बोलायची फार खाज येते. मी ती आवरली, आणि इतक्या वर्षांच्या कामात ज्या मोजक्या गोष्टी मला जमल्या असं वाटतं, त्यात ही धरते. थोड्या वेळाने आबांनीच हेडफोन पुन्हा उचलला आणि नातवाला म्हणाले, “लाव की बे. त्या ढोलवाल्याचं काय ते नीट ऐकू दे.”

त्या दिवसानंतर घर बदललं वगैरे काही नाही. वडील अजून ‘बडवाबडवी’च म्हणतात. एकदा ते आले तेव्हा मी त्यांना सांगितलं की या छंदाचा खरा धोका कुठे असेल तर तो कानाला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी ८० डेसिबलपर्यंत आठवड्याला ४० तास ही मर्यादा धरते, त्याहून मोठा आवाज असेल तर वेळ झपाट्याने कमी करायची. ते मला दोनदा मोठ्याने “काय?” म्हणाले. आयुष्यभर आठ मागांत उभ्या राहिलेल्या माणसाला मी आवाजाबद्दल सांगत होते. मग दोघांचीही कानाची तपासणी करून घ्या म्हटलं, आणि ती त्यांनी केली. रात्री अकरानंतर मोबाइल बाहेरच्या खोलीत, हे ओंकारने स्वतःच ठरवलं. आठवड्यातून चार दिवस पाळतो. मला पुरेसं आहे.

पालकांना मी आता एवढंच काम देते: एक गाणं, एक सिनेमा, मुलाच्या शेजारी बसून. आवडलं पाहिजे अशी अट नाही, नाक मुरडलंत तरी चालेल, पण ‘हे कसं केलं असेल रे?’ हा एक प्रश्न विचारायचा. आणि शेजारी बसल्यावर मूल खरंच खचलेलं दिसलं, स्वतःला संपवायचं बोललं, तर मग गाण्याची चर्चा नको. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, किंवा सरकारी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फिरवा.

ओंकारचा सिनेमा मे महिन्यात पुरा झाला. अकरा मिनिटांचा. रक्त पुसायला वडिलांनी सेकंड मालातले बारा टॉवेल काढून दिले, मोजून, आणि तसं वहीतही लिहून ठेवलं. पहिल्याच दृश्यात जुन्या वाड्यातलं भूत एका म्हाताऱ्याचं बोट तोडतं. क्लोज-अप आहे. पाक, लाल रंग, कोको, आणि बोट खरोखरच नाही. आई मला मोबाइलवर दाखवत होती आणि तक्रार करत होती की मामंजी ऐकेनात, किंकाळी मनासारखी येईना म्हणून चार वेळा शूटिंग करायला लावलं, धोतराचे डाग अजून निघाले नाहीत.