खडा उडाला, काचेला चांदणी पडली: भरायची की बदलायची?

कशेडी घाटात पुढच्या डंपरमधून खडी उडाली. काचेवर रुपयापेक्षा लहान चांदणी पडली आहे, तडा नाही. तशीच चालवू का? (खेड)

चालवा, पण आज त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि दोन-चार दिवसांत काचवाल्याला दाखवा. पुढची काच म्हणजे खरं तर दोन काचा, मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा पापुद्रा. खडा बहुधा बाहेरच्या काचेलाच लागतो. त्या खळग्यातली हवा ओढून रेझिन भरतात आणि अतिनील दिव्याखाली कडक करतात. आत पाणी, धूळ किंवा वॉशरचा साबण शिरला की रेझिन धरत नाही, म्हणून चिकटपट्टी. आतल्या बाजूनं नख फिरवून बघा. तिथंही खडबडीत लागलं तर आतली काचही गेली आहे, मग भरण्यात अर्थ नाही.

आणि हो, भरल्यावरही पुसट ठिपका राहतोच. हे आधीच सांगतो, कारण पुढे भांडण त्यावरूनच होतं. ठिपका ड्रायव्हरच्या थेट नजरेसमोर येणार असेल, तर लहान असूनही मी काच बदलायला सांगेन. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड तिथंच फुटतो.

उन्हात उभ्या गाडीत बसून एसी पूर्ण सोडला आणि खालच्या कडेचा बारीक तडा वीतभर वाढला. मेकॅनिक म्हणतो भरून देतो. (नागपूर)

नका भरू. काचेवरचा ताण कडेलाच जास्त असतो. तिथला तडा आज भरला तरी पुढच्या उन्हात पुन्हा चालायला लागेल. शिवाय बऱ्याच गाड्यांत डावीकडची एअरबॅग फुगताना याच काचेचा आधार घेते, आणि गाडी उलटली तर छताचा थोडा भारही तिच्यावर येतो. म्हणून नवी काच बसवताना घाई करू नका. चिकटवणारं युरेथेन सुकायला किती तास लागतील ते विचारा आणि तेवढा वेळ गाडी तिथंच राहू द्या.

विम्यातून करू की खिशातून? माझा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्के आहे. (पुणे)

काचेवर घसारा, म्हणजे जुनी झाल्याची घट, कापत नाहीत, हे खरं. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० रुपये, त्यावरच्या गाडीला २,००० रुपये तुमच्या पदरचे. खरा खर्च पुढे आहे. समजा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता बोनसआधी १२,००० रुपये आहे. दावा केला की पुढच्या वर्षी बोनस शून्य, मग २०, २५, ३५, ४५ आणि पुन्हा ५०. हप्ता तेवढाच धरला तर या चढणीत एकूण १५,००० रुपये जातात. नवी काच त्याहून स्वस्त असेल तर खिशातून करा. बोनस वाचवणारी जोड पॉलिसीत असेल तर गणितच वेगळं, आधी ती बघा. आणि नुसती चांदणी भरायची असेल तर विम्याचं नावही काढू नका.

आरशामागे कॅमेरा आहे. कोणतीही काच चालेल का? (ठाणे)

त्या मॉडेलसाठीचीच हवी, कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटसह. बसवल्यावर कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करून, म्हणजे त्याची नजर नीट जुळवून घ्या, नाहीतर लेन आणि ब्रेकच्या सूचना चुकतात. जुन्या काचेवरचा फास्टॅग काढताना फाटतो, तेव्हा बँकेकडून नवा मागवून ठेवा.